संकरित रेणू बनवताना: माझ्या पीएच.डी.ची हकीकत

डिसेंबर २०२४ मध्ये माझी तोंडी परीक्षा झाली आणि त्यानंतर एम.एस्सी. ऑरगॅनिक झालेल्या बऱ्याच मुलामुलींचे मेसेज आले. प्रश्न साधारण सारखेच होते. कॅन्सरवरच्या संयुगांचा विषय घ्यावा का, कंपाउंड टेस्टिंगला कुठे पाठवायची, खर्च किती येतो, लॅब साधी असेल तर जमेल का. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा सगळं क्रमाने लिहून ठेवते.

मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात काम केलं. २०१९ च्या उन्हाळ्यात नोंदणीचा अर्ज भरला. सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) झालेली असल्यामुळे पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) द्यावी लागली नाही. त्या वेळी तासिका तत्त्वावर शिकवत होते, फेलोशिप नव्हती. विषय माझ्या मनात पक्का होता: दोन हेटरोसायक्लिक रिंगा (कार्बनखेरीज नायट्रोजन, ऑक्सिजनसारखे अणू असलेल्या) एका रेणूत जोडायच्या आणि त्या कॅन्सरच्या पेशींवर तपासायच्या. अशा विषयावर शेकडो पेपर आहेत, त्यामुळे आराखडा आठवडाभरात तयार झाला. सरांनी तो वाचला आणि एकच विचारलं, "या दोनच रिंगा का? आणि जोडल्यास त्या इथेच का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे दोन महिने त्या प्रश्नात गेले आणि आज वाटतं, अख्ख्या पीएच.डी.त सर्वांत कारणी लागलेला वेळ तोच.

कॅन्सरची आज वापरात असलेली बरीच औषधं पाहिली तर त्यांत एकापेक्षा जास्त हेटरोसायकल सापडतात. २००१ साली आलेल्या इमॅटिनिबमध्ये पिरिडीन, पिरिमिडीन आणि पिपरॅझीन आहे. जेफिटिनिबमध्ये (२००३) क्विनाझोलिन आणि मॉर्फोलिन, लॅपॅटिनिबमध्ये (२००७) क्विनाझोलिन आणि फ्युरान, ओसिमर्टिनिबमध्ये (२०१५) पिरिमिडीन आणि इंडोल. पण या प्रत्येकात एकेका तुकड्याला नेमून दिलेलं काम आहे. एक तुकडा प्रथिनाच्या खाचेत हायड्रोजन बंध धरतो, दुसरा मागच्या तेलकट कप्प्यात शिरतो, तिसरा बाहेर पाण्याच्या बाजूला राहून विद्राव्यता सांभाळतो. कागदावर दोन रिंगांमध्ये रेघ ओढली म्हणजे संकरित औषध होत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मी क्विनाझोलिन आणि ट्रायअझोल (तीन नायट्रोजनची पाच अणूंची रिंग) ही जोडी निवडली. क्विनाझोलिन अशासाठी, की ते पेशींना वाढीचा संदेश देणाऱ्या ईजीएफआर नावाच्या प्रथिनात कसं बसतं याची स्फटिकरचना उपलब्ध आहे. क्विनाझोलिनचा पहिला नायट्रोजन खाचेच्या बिजागरीपाशी (प्रथिनाचे दोन भाग जोडणाऱ्या पट्ट्यापाशी) मेथिओनिन या अमिनो आम्लाशी बंध धरतो. चौथ्या जागेवरचं ॲनिलिन आत शिरतं. सहाव्या आणि सातव्या जागेवरच्या साखळ्या बाहेर डोकावतात. याच गटातल्या एर्लोटिनिब या औषधाच्या ॲनिलिनवर मुळातच एक अल्काइन (कार्बन-कार्बन तिहेरी बंध) असतं, आणि ट्रायअझोल बनवायला अल्काइनच लागतं. त्यामुळे तिथेच ट्रायअझोल जोडायचा मोह होतो. तसे पेपरही आहेत. पण ते टोक आतल्या अरुंद कप्प्यात जातं. तिथे आणखी दोन रिंगा लटकवल्या तर जागा कुठून आणायची? म्हणून आम्ही ट्रायअझोल सातव्या जागेवर, ऑक्सिजनच्या दुव्याने जोडायचं ठरवलं. २०११ साली मान्यता मिळालेल्या व्हॅन्डेटॅनिबमध्येही सातव्या जागेवर अशीच साखळी आहे, त्याचा आधार होता. विद्यापीठाच्या समितीपुढे नेमका हाच प्रश्न आला आणि पाच मिनिटांत सुटका झाली.

समितीपुढे जाताना आराखड्याच्या छापील प्रती, सारांश, गाइडच्या मान्यतेचं पत्र, संशोधन केंद्राचं पत्र, स्थलांतर प्रमाणपत्र आणि दाखल्यांच्या साक्षांकित प्रती हे सगळं एका फाइलमध्ये क्रमाने लावून न्या. दुसऱ्या विद्यापीठातून एम.एस्सी. केली असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र आधीच मागवून ठेवा. माझ्याबरोबर आलेल्या एका मुलाची नोंदणी त्या एका कागदापायी पुढच्या बैठकीपर्यंत लांबली. नोंदणीचं पत्र हातात पडायला मला चारेक महिने लागले.

कोर्सवर्क संपत आलं आणि मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला. लॅब बंद, गावी घरी, हातात एक जुना लॅपटॉप. त्या काळात डॉकिंग, म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसेल हे संगणकावर पाहणं, शिकले. त्यासाठीचं ऑटोडॉक व्हिना फुकट आहे, रेणूचे औषधी गुण अजमावणारं स्विसएडीएमई फुकट आहे, प्रथिनांच्या रचनाही पीडीबी या ऑनलाइन संग्रहात फुकट मिळतात. मी १एम१७ ही रचना घेतली, म्हणजे ईजीएफआर आणि त्यात बसलेलं एर्लोटिनिब. इथे नवख्यांचा नेहमी गोंधळ होतो: काही पेपरांत बिजागरीचं मेथिओनिन ७६९ क्रमांकाचं असतं, काहींत ७९३. दोन्ही एकच आहेत. सुरुवातीची २४ अमिनो आम्लं प्रथिन पेशीच्या आवरणाकडे नेताना कापली जातात; ती धरून मोजलं की ७९३, सोडून मोजलं की ७६९. आणखी एक गोष्ट. आपले रेणू बसवण्याआधी रचनेतलं मूळ एर्लोटिनिब बाहेर काढून परत बसवून पाहा. ते मूळ जागेपासून दोन अँगस्ट्रॉमच्या आत आलं नाही, तर पुढच्या सगळ्या आकड्यांना अर्थ नाही. बऱ्याच प्रबंधांत हे तपासलेलं दिसत नाही आणि परीक्षक ते विचारतात.

माझ्या साध्यात साध्या रेणूचं, म्हणजे ट्रायअझोलवर नुसता बेंझाइल असलेल्याचं, रेणुभार ४९१ भरला. तोंडाने घ्यायच्या औषधांसाठीच्या लिपिन्स्कीच्या नियमात मर्यादा ५०० ची. एक फ्लोरिन लावला की ५०९. नियम थोडा ओलांडला म्हणून रेणू टाकून द्यायचा नसतो, पण आधीच उंबरठ्यावर आहोत हे ठाऊक असल्यामुळे मोठमोठे गट लावायचा बेत सोडला आणि यादी पंधरा-सोळा संयुगांवर आणली. त्यांतली निम्मी पुढे बदलली.

लॅब २०२० च्या अखेरीस हळूहळू उघडली. खरं काम तिथून सुरू झालं.

सुरुवात मिथाइल व्हॅनिलेटपासून. हे रसायन स्वस्त आहे, आणि दिवसभर त्यावर काम केलं की एप्रनला, वहीला, केसांनाही व्हॅनिलाचा वास येतो. आधी त्याच्या फिनॉलवर बेंझाइलचं संरक्षण (पुढे काढून टाकायचं झाकण), मग नायट्रेशन, मग लोहाचा कीस आणि अमोनियम क्लोराइड वापरून नायट्रोचं अमाइन. लोहाचा तो काळा चिखल सेलाइटच्या थरातून गरम असतानाच गाळावा लागतो. थंड झाला की फनेल तुंबतं आणि माल चिखलातच राहतो. पुढे फॉर्मामाइडमध्ये तापवून क्विनाझोलिनोन. हे सगळं मोठ्या प्रमाणावर, पंचवीस-तीस ग्रॅमवर करून ठेवा. शेवटच्या पायरीला पन्नास मिलिग्रॅम कमी पडले म्हणून पहिल्या पायरीपासून परत सुरुवात करण्याइतकं खच्ची करणारं दुसरं काही नसतं.

घोडं अडलं ते क्लोरिनेशनला. फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड (पीओसीएल३) वापरून क्विनाझोलिनोनचं क्लोरोक्विनाझोलिन करायचं असतं. मार्चमध्ये सुरळीत चाललेली ही रिॲक्शन जुलैमध्ये रुसली. टीएलसीवर (रिॲक्शन कुठवर आली ते दाखवणाऱ्या पट्टीवर) वरचा स्पॉट छान दिसायचा, वर्कअप (धुऊन वेगळं काढणं) करून माल रात्रभर ठेवला की सकाळी तळाचा स्पॉट परत हजर. पावसाळी हवेतल्या ओलाव्याने क्लोरीन निघून जायचा आणि रेणू मागच्या पायरीवर यायचा. आमच्या लॅबला एसी नाही. शेवटी असं ठरलं: सकाळी लवकर रिॲक्शन लावायची, दुपारी जादा पीओसीएल३ रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली द्रव उडवणाऱ्या यंत्रावर) काढायचं, माल बर्फाच्या पाण्यात आणि बायकार्बोनेटमध्ये झटपट धुऊन, सुकवून, त्याच संध्याकाळी आयसोप्रोपेनॉलमध्ये ॲनिलिनबरोबर रिफ्लक्सला (उकळत ठेवायला) टाकायचा. मध्ये रात्र जाऊ द्यायची नाही. ॲनिलिन म्हणून जेफिटिनिबमधलंच ३-क्लोरो-४-फ्लोरोॲनिलिन वापरलं. या पायरीची गंमत म्हणजे पदार्थ हायड्रोक्लोराइड म्हणून आपोआप खाली बसतो. फिकट पिवळा दाट गोळा फ्लास्कच्या तळाशी जमला की गाळायचं, थंड आयसोप्रोपेनॉलने धुवायचं, झालं. कॉलम (सिलिका भरलेल्या नळीतून शुद्धीकरण) लागत नाही. रोटाव्हॅपच्या सापळ्यात जमलेलं पीओसीएल३ मात्र एकदम पाण्यात ओतू नका. थोडं थोडं, बर्फावर, फ्यूम हूडमध्येच.

बेंझाइल काढताना पॅलेडियमवर हायड्रोजन सोडणं ही पुस्तकातली पद्धत. पण आमच्या ॲनिलिनवर क्लोरीन होता आणि तोही निघून जाण्याचा धोका होता. म्हणून ट्रायफ्लोरोॲसेटिक ॲसिडमध्ये तापवलं. मग प्रोपार्जिल ब्रोमाइड, आणि शेवटी क्लिक रिॲक्शन, म्हणजे अल्काइन आणि अझाइड (तीन नायट्रोजनची साखळी) जुळून ट्रायअझोल: कॉपर सल्फेट, सोडियम ॲस्कॉर्बेट, टर्शरी ब्युटेनॉल आणि पाणी. २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल बर्टोझी, मेल्डाल आणि शार्पलेस यांना याच रसायनासाठी मिळालं. ती बातमी आली तेव्हा आमच्या स्टररवर तीच रिॲक्शन फिरत होती. लॅबमध्ये पेढे आणले गेले.

अझाइडबद्दल जरा थांबून लिहिते, कारण इथे जिवाशी गाठ आहे. सोडियम अझाइड विषारी आहे. ते आम्लात जाऊ देऊ नका, डायक्लोरोमिथेनमध्ये वापरू नका, धातूच्या चमच्याने खरवडू नका आणि त्याचं पाणी बेसिनमध्ये सोडू नका, तांब्या-शिशाच्या नळांत स्फोटक अझाइड साठतात. सेंद्रिय अझाइडसाठी एक ढोबळ हिशोब आहे: कार्बन आणि ऑक्सिजनच्या अणूंची बेरीज भागिले नायट्रोजनचे अणू, हे उत्तर तीनच्या वर असलेलं बरं. बेंझाइल अझाइडचं येतं सव्वादोनच्या आसपास. म्हणून आम्ही ते कधी वेगळं काढलंच नाही. बेंझाइल ब्रोमाइड, सोडियम अझाइड, अल्काइन आणि तांबं एकाच फ्लास्कमध्ये घेऊन थोड्या प्रमाणावर काम केलं.

दुसरी गोष्ट तांब्याची. क्लिकनंतर पदार्थात तांब्याचा अंश राहतो आणि तांबं स्वतःच पेशी मारतं. अशुद्ध नमुना पाठवला तर निकाल झकास येतो आणि तो खोटा असतो. सरांचा दंडक होता: प्रत्येक संयुग तांबं पकडणाऱ्या ईडीटीएच्या द्रावणाने, पाण्याचा थर निळा दिसायचा थांबेपर्यंत धुवायचं, मग कॉलम, मग एचपीएलसीवर ९५ टक्क्यांच्या वर शुद्धता दिसल्याशिवाय कुपीत भरायचं नाही.

एनएमआर, म्हणजे रेणूची रचना ओळखण्याचं यंत्र, आमच्याकडे नाही. नमुने दुसऱ्या संस्थेत जायचे आणि तिथलं यंत्र द्रव हेलियमअभावी मध्येच बंद असायचं. एकदा दोन महिने काहीच आलं नाही. त्या काळात लिहायला घेतलं, हा वेळ प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाला अगदी योग्य. बाहेरच्यांना दर नमुन्याला काहीशे रुपये पडतात, ड्युटेरेटेड डीएमएसओ या द्रावकाचे वेगळे. प्रोटॉन, कार्बन, मास आणि एचपीएलसी मिळून एका संयुगाचा खर्च दोन हजारांच्या पुढे सहज जातो, त्यामुळे आधी नुसता प्रोटॉन करा आणि तो नीट आला तरच पुढचे पाठवा. पहिल्या ट्रायअझोलचा स्पेक्ट्रम ईमेलवर आला तेव्हा मी एसटीत होते. मोबाइलवर बोटांनी मोठा करत गेले: ८.३ च्या आसपास एकट्या प्रोटॉनचं उंच, सरळ शिखर, खाली ५.६ आणि ५.३ वर दोन-दोन प्रोटॉनची दोन शिखरं, आणि अल्काइनच्या जागी काहीच नाही. शेजारच्या आजींनी विचारलं, "काय गं, निकाल लागला का?" मी हो म्हटलं.

राज्य सरकारच्या एका संस्थेची फेलोशिप दुसऱ्या वर्षी मंजूर झाली, पण हप्ते खूप उशिरा आले. मधल्या काळात सॉल्व्हंट आणि सिलिका खिशातून घेतलं. पावती प्रत्येक खरेदीची, जीएसटी क्रमांकासह, तारखेप्रमाणे चिकटवून ठेवा. आकस्मिक खर्च मागताना दोन वर्षांपूर्वीची बिलं लागली आणि ती होती म्हणून पैसे मिळाले.

मग पेशींवरची चाचणी. आपल्याकडे खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात) एसआरबी पद्धतीने, म्हणजे पेशींतल्या प्रथिनाला रंग देऊन, अशी चाचणी होते; अर्ज, संरचना, शुद्धतेचा पुरावा आणि शुल्क भरून नमुने पाठवायचे. दहा-दहा मिलिग्रॅमच्या कुप्या, त्यावर पेन्सिलने कोड, वर पारदर्शक टेप, कारण मार्करची शाई डीएमएसओने पुसली जाते. निकाल यायला दोन-तीन महिने धरून चला. अहवालात १०, २०, ४० आणि ८० मायक्रोग्रॅम प्रति मिली अशा चार मात्रा असतात आणि सोबत ॲड्रियामायसिन या कर्करोगावरच्या औषधाशी तुलना. जीआय५० (पेशींची वाढ निम्म्याने रोखणारी मात्रा) दहाच्या आत असेल तर संयुग सक्रिय मानतात. हे दहा मायक्रोग्रॅम म्हणजे किती, ते आपल्या रेणुभाराने भागून बघा. माझ्या ४९१ च्या रेणूसाठी ते साधारण २० मायक्रोमोलार होतं. औषधाच्या मानाने ही मात्रा फार मोठी आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न कोणत्या पेशी निवडायच्या हा. मी वाचलेल्या कितीतरी पेपरांत डॉकिंग ईजीएफआरवर आणि चाचणी स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींवर असते, ज्यांच्यात ईजीएफआर फारसं नसतंच. ए५४९ या फुफ्फुसाच्या पेशी आहेत म्हणून त्या घेतात, पण त्यांत ईजीएफआर मूळ स्वरूपातलं आणि बिघाड केआरएएस या दुसऱ्या जनुकात आहे. ईजीएफआरवर भिस्त असलेल्या पेशी हव्या असतील तर ए४३१, पीसी-९ किंवा एचसीसी८२७, आणि औषधाला न जुमानणाऱ्या हव्या असतील तर एच१९७५. मी ए५४९ आणि ए४३१ दोन्ही घेतल्या, मुद्दाम, फरक दिसावा म्हणून. ए४३१ साठी वेगळ्या खासगी प्रयोगशाळेला वेगळे पैसे मोजले, त्यातच त्या वर्षीचा बहुतेक निधी गेला. सोबत निरोगी पेशींचा एक प्रकार आणि तुलनेला जेफिटिनिब ठेवलं.

निकाल २०२३ च्या पावसाळ्यात आले. ए५४९ वर जवळपास सगळी संयुगं थंड. ए४३१ वर तीन चांगली, त्यांतली दोन निरोगी पेशींना फारसा त्रास न देणारी. एकही जेफिटिनिबच्या जवळ पोचलं नाही. मला मात्र त्या तक्त्याने मनापासून आनंद झाला, कारण जिथे लक्ष्य होतं तिथेच परिणाम दिसत होता. ती दोन संयुगं प्रत्यक्ष एन्झाइमवर तपासली आणि दोन्हींनी ईजीएफआर रोखलं.

त्याच सुमारास आमच्या ओळखीतल्या एका काकांना फुफ्फुसाचा कर्करोग निघाला. तपासणीत ईजीएफआरमधला बदल सापडला आणि जेफिटिनिब सुरू झालं, रोज २५० मिलिग्रॅमची एक गोळी. काकूंनी गोळ्यांचं पाकीट माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "तू हेच करतेस ना? मग यापेक्षा चांगलं कधी निघणार?" मी त्यांना सांगितलं की माझं काम अगदी सुरुवातीच्या टप्प्यातलं आहे, प्लेटमधल्या पेशींपुरतं. त्यापुढे प्राणी, विषाक्तता, मग माणसांवरच्या तीन टप्प्यांच्या चाचण्या, आणि बहुतेक रेणू वाटेतच गळतात. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. तेव्हापासून पेपरात किंवा सादरीकरणात "प्रभावी कर्करोगविरोधी औषध" असा शब्द मी लिहिलेला नाही. "ए४३१ पेशींची वाढ रोखणारं संयुग" एवढंच लिहिते. तुम्हीही तेवढंच लिहा. ते वाचणाऱ्यांत कोणाच्या तरी घरी पेशंट असतो.

आता उरलेली कागदपत्रं. माझी नोंदणी यूजीसीच्या २०१६ च्या नियमांखालची, त्यामुळे प्रबंधाआधी एक शोधनिबंध आणि परिषदांतली दोन सादरीकरणं लागली. २०२२ च्या नियमांत ही सक्ती नाही, पण तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक तपासून घ्या. पेटंटचा विचार असेल तर अर्ज आधी, पेपर आणि पोस्टर नंतर. सहामाही प्रगती अहवाल वेळेत द्या आणि पोच घ्या. मुलींसाठी खास: कमाल मुदतीत दोन वर्षांची सवलत आणि २४० दिवसांपर्यंतची मातृत्व किंवा बालसंगोपन रजा नियमात आहे. माझ्या लॅबमधल्या मैत्रिणीने ती घेतली आणि काम पूर्ण केलं. कार्यालयात माहिती नसेल तर नियमाची प्रत घेऊन जा.

प्रबंध २०२४ च्या सुरुवातीला दिला. साम्य तपासणीत मर्यादा दहा टक्क्यांची, आणि प्रायोगिक भागातली वाक्यं सगळ्यांचीच सारखी असल्यामुळे आकडा तिथे फुगतो. संदर्भसूची वगळून अहवाल काढायला ग्रंथपालांना सांगा. परीक्षकांचे अहवाल यायला बरेच महिने लागले, त्या काळात दर पंधरवड्याने विद्यापीठात फोन करत होते.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला: ट्रायअझोल तिथे करतो काय? मी सांगितलं, तो दुवा आहे, अमाइडसारखा ध्रुवीय पण शरीरात सहजासहजी न तुटणारा, आणि बाहेरच्या बाजूला असल्यामुळे बिजागरीच्या बंधाला धक्का लावत नाही. मग ए५४९ वरचे थंड निकाल प्रबंधात का ठेवले, असं विचारलं. तो तक्ता पडद्यावर लावून त्यावर बराच वेळ बोललो.

संयुगांच्या कुप्या आता फ्रीजमध्ये आहेत, कोडची वही लॅबच्या नवीन विद्यार्थिनीकडे दिली आहे. ती त्या दोन संयुगांवरून एच१९७५ साठी नवी मालिका आखते आहे. तिला मी प्रायोगिक नोंदींची मूळ फाइल पाठवली, पावसाळ्यातल्या क्लोरिनेशनच्या नोंदींसकट. कोणाला ती हवी असेल तर जरूर कळवा, पाठवते.